उकळायचं राहिलेलं तुकुपी

ऑगस्ट संपता संपता मरिनाल्वा मोठं पातेलं मागायला आली. ती नुसतं पातेलं मागायला आलेली नाही, हे ओझमारिनोला तिच्या कॉफी पिण्यावरूनच कळलं. एरवी दारातच उभं राहून बोलणारी बाई आज खुर्ची ओढून बसली होती. छपराचं काय करणार म्हणून तिने विचारलं, नातवंडांच्या तक्रारी सांगितल्या, आणि मग भिंतीवर टांगलेल्या पातेल्याकडे न बघता म्हणाली, "दाजी, यंदा तुम्ही कशाला त्रास घेता? सिरियोचं जेवण आमच्याकडेच करू. तुम्ही नुसते जेवायला या."

ॲल्युमिनियमचं ते पातेलं दोन बदकं सहज मावतील एवढं होतं. वर्षभर ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेलं असायचं आणि ऑक्टोबरात एकदाच खाली उतरायचं, नाझारेच्या मातेची मिरवणूक, म्हणजे सिरियो, निघते त्या रविवारच्या जेवणासाठी. आधी ते मरिनाल्वाच्या आईकडे होतं. आई गेल्यावर थोरली म्हणून देउझारीनाकडे, ओझमारिनोच्या बायकोकडे, आलं. ज्या घरी पातेलं त्या घरी सिरियोचं बदक, हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. आता देउझारीना मार्चमध्ये गेली होती.

"नुसते जेवायला या" हे ओझमारिनोच्या मनाला लागलं. बोलणाऱ्या बाईचा काही दोष नव्हता. पण त्याला मूलबाळ नव्हतं, त्याच्याकडचं कुणी उरलं नव्हतं. वर्षातून एकदा त्याचं घर भरायचं ते देउझाच्या माणसांनी. पातेलं गेलं की ती माणसंही त्याच्या मागे जाणार. मग कुणाला बेलें शहराच्या या टोकाला, ग्वामा वस्तीच्या या गल्लीत यायचं कारणच राहणार नव्हतं. तो दरवर्षी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मेहुणीच्या दारात पाहुणा म्हणून उभा राहणार, आणि काही वर्षांनी तेही बंद होणार. हे सगळं त्याला तिथल्या तिथे दिसलं.

"पातेलं राहू दे," तो म्हणाला. "बदक इथेच होईल."

मरिनाल्वाला हसू आलं. कोण करणार, तुम्ही? तुमची कॉफी पिऊन माझी जीभ अजून ठिकाणावर आलेली नाही, असं ती म्हणाली. ओझमारिनोने ते ऐकून घेतलं. सगळा जन्म त्याने बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला होता, चुलीशी त्याचा संबंध फक्त लाकडं फोडण्यापुरता. मग तो उठला आणि पडवीतल्या फ्रीझरचं झाकण उघडून दाखवलं.

तळाशी, बर्फाच्या थरात, पिवळ्या पाण्याने भरलेल्या चार मोठ्या बाटल्या आडव्या होत्या.

"तुकुपी," तो म्हणाला. "देउझाने फेब्रुवारीत काढलेलं."

मरिनाल्वाने हात पुढे केला आणि बाटलीला न लावताच मागे घेतला. "ताईच्या हातचं?"

"तिच्याच हातचं."

ती बराच वेळ फ्रीझरच्या थंड हवेत तोंड घालून उभी राहिली. मग झाकण लावून म्हणाली की असं असेल तर प्रश्नच नाही, सगळे इथेच येतील. आणि पातेलं न घेता गेली.

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. बदक काय, कुणीही भाजतं. लसूण, लिंबू लावून रात्रभर ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला दिलं की तो आपल्या भट्टीत भाजून देतो, सिरियोच्या आठवड्यात त्याच्याकडे पावांपेक्षा बदकंच जास्त असतात. खरी गोष्ट असते तुकुपी. कसावाचे पिवळे कंद किसून पिळले की जे पाणी निघतं, ते उकळून केलेला हा आंबट रस. बाजारात बाटल्यांच्या रांगा लागलेल्या असतात, पण देउझाने कधी विकतचं आणलं नाही. अंगणात आंब्याखाली ती स्वतः करायची. कामाची वाटणी लग्नापासूनची होती. कंद सोलणं, किसणं, तिपितीत, म्हणजे वेताच्या लांब विणलेल्या नळीत, भरून खाली दांडा अडकवून त्यावर बसून पिळणं, हे त्याचं. पाणी निवळू देऊन, तळाशी बसलेला पांढरा साका वेगळा करून, वरचं पाणी चुलीवर चढवणं तिचं. तिथून पुढे ती त्याला पातेल्याजवळ उभंही राहू देत नसे. जा, पडवीत टांगलेल्या झोळीत पड, म्हणायची.

पाणी कच्चं असेपर्यंत विष असतं, हे तिथल्या पोरासोरालाही माहीत असतं. एकदा तर मरिनाल्वाच्या नवऱ्याने, तादेउने, चार दिवस सांभाळायला म्हणून इथे ठेवलेल्या कोंबड्या पसरट भांड्यातलं कच्चं पाणी पिऊन अंगणातच आडव्या झाल्या होत्या. तादेउ ते अजून विसरला नव्हता. साडूकडे जेवायला आला की पहिला घास घेण्याआधी तो दरवर्षी विचारायचा, "कोंबड्या कशा आहेत?"

सप्टेंबर गेला. ओझमारिनो रोज एकदा तरी फ्रीझर उघडायचा. मासळी काढायला, बर्फ काढायला, काही नाही तर उगीच. बाटल्यांवरून हात फिरवायचा आणि झाकण लावायचा. घरात तिच्या घडी घालून ठेवण्याजोग्या वस्तू फार उरल्या नव्हत्या. तिचे झगे मरिनाल्वाने गरजूंना देऊन टाकले होते, चपला त्यानेच दिल्या. तिने केलेलं आणि अजून खाता येईल असं एवढंच उरलं होतं. सिरियोला ते संपेल हे त्याला कळत होतं. पण तिच्या माणसांच्या पोटात जाईल, तर ते संपणं नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

सिरियोच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी बेकरीतून भाजलेली बदकं आली. चव्हाट्यावरच्या बाईकडून त्याने झांबूच्या, त्या जीभ बधिर करणाऱ्या पाल्याच्या, जुड्या आणल्या, पानं निवडून ओल्या फडक्यात गुंडाळली. बाटल्या रात्री बाहेर काढून टेबलावर उभ्या केल्या.

शनिवारी सकाळी बर्फ विरघळला होता. तो बाटली उजेडात धरून बघायला लागला आणि थांबला. तळाशी दोन बोटं पांढरा साका बसला होता. वरचं पाणी स्वच्छ पिवळं, त्यात काहीच नव्हतं. देउझाच्या तुकुपीत नेहमी शिकोरियाच्या पानांचे तुकडे तरंगायचे, रानतुळशीच्या काड्या असायच्या, आणि प्रत्येक बाटलीत ती एक मिरची सोडायची. त्याने दुसरी बाटली बघितली, तिसरी, चौथी. मग बूच उघडून नाकाजवळ नेली. टोचणारा, कडवट, डोक्यात चढणारा वास.

कच्चं होतं.

तो खुर्चीवर बसला. आधी त्याला वाटलं, देउझा असं कसं करेल? आणि मग ती संध्याकाळ आठवली. ती विसरलेली नव्हती, फक्त तो मनाने तिकडे कधी गेला नव्हता. फेब्रुवारीत त्याने कंद पिळले होते आणि ती लाकडं रचायला वाकली, ती आंब्याला धरून तशीच खाली बसली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. तिचे कपडे घ्यायला तो दिवेलागणीला घरी आला तर अंगणात ते भांडं तसंच. वाया गेलं तर ओरडेल, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने वरचं पाणी बाटल्यांत ओतलं, बाटल्या फ्रीझरमध्ये टाकल्या. दवाखान्यात तिने डोळे न उघडता विचारलं होतं, पाणी काढून ठेवलंस ना? ठेवलं, तो म्हणाला. "बरं केलंस," ती म्हणाली. "मी आले की उकळते."

ती आली नाही. आणि पुढच्या महिन्यांत कधीतरी त्या बाटल्या त्याच्या मनात तिने भरलेल्या झाल्या.

म्हणजे कंद त्याने सोललेले, त्याने किसलेले, त्याने पिळलेले, आणि बाटल्याही त्यानेच भरलेल्या. तिचा हात कुठे लागलाच नव्हता. आठ महिने फ्रीझरचं झाकण उघडून तो आपल्याच हातचं पाणी कुरवाळत बसला होता.

त्याला फोन करावासा वाटला. मरिनाल्वाला उकळायचं कसं ते माहीत होतं. पण ती पहिलं वाक्य काय बोलेल तेही माहीत होतं: पातेलं घेऊन इकडेच या. दुसरा रस्ता बाजाराचा होता. बाजारात जाऊन तयार तुकुपी आणायचं, त्यात मिरची सोडायची, आणि देउझाचं म्हणून वाढायचं. टोपी डोक्यावर घालून तो फाटकापर्यंत गेलासुद्धा. रस्त्यावर सगळी लगबग होती. लोक संध्याकाळच्या दिव्यांच्या मिरवणुकीच्या गडबडीत, कुणाच्या खांद्यावर नवसाचं मेणाचं घर, कुणाच्या हातात बदकाची पिशवी. शेजारीण म्हणाली, काय ओझमारिनो, झालं का तुकुपी? तो म्हणाला, होतंय. आणि तोंडातून निघालंच आहे तर, म्हणून मागे फिरला.

आंब्याखाली विटा होत्या तशाच होत्या. त्याने जाळ केला, पातेलं खिळ्यावरून उतरवलं, साका खाली राहील अशा बेताने बाटल्या ओतल्या. पुढचं त्याला येत नव्हतं. लसूण किती, मीठ केव्हा, काही नाही. शिकोरिया आणि रानतुळस ती मुठीने टाकायची हे त्याने पाहिलं होतं, पण तिची मूठ लहान होती, म्हणून त्याने अर्धी मूठ टाकली. फेस वर आला तो झाऱ्याने काढून टाकत राहिला. फेस येतच राहिला.

केव्हा उतरवायचं, हा खरा प्रश्न होता. कमी उकळलं तर कोंबड्यांची गत. पातेल्यावर वाकून वास घेतला तर जाळाचा धूर, डोळ्यांत पाणी, काही कळेना. एवढी वर्षं त्या उकळण्याशी त्याची ओळख होती ती इथून नव्हती. ती होती झोळीतून. दुपारी तो झोळीत झोपायचा आणि अंगणातून येणाऱ्या वासाने जागा व्हायचा. तो वास पोटात शिरला की समजायचं, झालं. देउझा म्हणायची, तुझं नाक इंजिनासारखं आहे, लांबूनच चालतं.

मग त्याने एक लाकूड पुढे सारलं, पडवीत गेला आणि झोळीत पडला.

डोळे मिटले. वास अजून टोचत होता. तो उठला, फेस काढला, पुन्हा येऊन पडला. दिव्यांच्या मिरवणुकीला निघालेल्या लोकांची गाणी गल्लीतून गेली. पुन्हा उठला, पुन्हा पडला. झोप लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं आणि बहुतेक लागलीच, कारण मग तो जागा झाला. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. अंगणातून तो वास आला, आंबट, गोलसर, पानांचा, भुकेचा. आणि जागं होताना जो एक क्षण माणसाला काहीच आठवत नाही, त्या क्षणात त्याने हाक मारली, झालं का गं?

उत्तर आलं नाही तेव्हा तो उठला.

वास बरोबर होता. तरीही भरवसा वाटेना. तिच्या माणसांच्या ताटात वाढायचं होतं. त्याने आणखी लाकडं घातली, आणखी उकळलं, पाणी खूप खाली गेलं, रंग गडद झाला. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे त्याने उतरवलं आणि एक पळी स्वतः प्यायला. मग रात्रभर पोटात काय होतं त्याची वाट बघत पडून राहिला. काहीच झालं नाही.

रविवारी मिरवणूक चर्चपाशी पोचल्याचे फटाके वाजले आणि दुपारपर्यंत सगळे आले. मरिनाल्वा घामाने भिजलेली, मातेच्या रथाचा दोर ओढून तळहात सोललेली, तादेउ, त्यांची मुलगी केइला आणि तिची मुलं, आणि बहिणींचे फिर्मिनो मामा, ज्यांना ऐकू येत नव्हतं आणि आता फारसं आठवतही नव्हतं. मरिनाल्वाच्या खांद्यावर मोठी थंडाव्याची पिशवी होती. ती तिने कोपऱ्यात ठेवली, उघडली नाही.

बदकाचे तुकडे तुकुपीत शिजून मऊ झाले होते. वरून झांबूचा वाफवलेला पाला. टेबलावर भात, कसावाचा भाजलेला रवा, तिखट. ओझमारिनोने पातेलं मधोमध ठेवलं आणि सगळ्यांच्या ताटात वाढलं. मामांपासून सुरुवात केली, ते वयाने मोठे म्हणून. केइलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मरिनाल्वाने बहिणीच्या नावाने क्रुसाची खूण केली आणि म्हणाली की ताई नसताना ताईच्या हातचं खायला मिळतंय, ही मातेची कृपा.

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांच्या ताटात वाढून झालं होतं. ओझमारिनो पळी हातात धरून उभा होता.

"ते तिच्या हातचं नाही," तो म्हणाला.

मरिनाल्वाने वर बघितलं.

त्याने सांगितलं. भांड्याचं, बाटल्यांचं, ती दवाखान्यात काय म्हणाली त्याचं. फार लांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "कच्चं होतं. काल मीच उकळलं."

टेबलावर चमचे जिथल्या तिथे थांबले. केइलाने मुलांच्या ताटांवर हात आडवा धरला. तादेउने आपल्या ताटात बघितलं, मग साडूकडे, मग पुन्हा ताटात.

"माझ्या कोंबड्यांना," तो हळूच म्हणाला, "हे असंच वाढलं होतं का?"

कुणी हसलं नाही. ओझमारिनोने सांगितलं की त्याने स्वतः रात्री पिऊन बघितलंय. केइला म्हणाली, काका, तुम्ही तर इंजिनातलं तेलसुद्धा चाखून बघता. मरिनाल्वा ताटाकडे बघत होती, आणि तिला काय जास्त लागलंय, भीती की बहिणीचं ते वाक्य, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ओझमारिनोला वाटलं, संपलं. आता ही कोपऱ्यातली पिशवी उघडेल, आपलं पातेलं काढेल, आणि पुढच्या वर्षापासून नुसतं जेवायला जायचं.

त्या शांततेत हाड चोखल्याचा आवाज आला.

फिर्मिनो मामांचं ताट रिकामं होत आलं होतं. या सगळ्या बोलण्यातलं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. वाढलं तेव्हापासून ते जेवत होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले, कोंबड्यांकडे बघावं तसे. मामांनी हनुवटीवरून ओघळलेला रस पुसला, झांबूने बधिर झालेले ओठ एकमेकांवर घासले आणि ताट पुढे केलं.

"देउझाला सांग," ते ओझमारिनोला म्हणाले, "यंदा जास्त आटवलंय. पण बरं झालंय. अजून घाल."

ओझमारिनोची पळी हलेना. मरिनाल्वा उठली, तिने त्याच्या हातून पळी घेतली आणि मामांना वाढलं.

"सांगते हं, मामा," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

मग ती बसली, चमचाभर रस घेतला, तोंडात धरला, गिळला. "मामा बरोबर बोलतात. ताई जिथे उतरवायची, त्याच्या केवढं पुढे गेलात, दाजी."

"भीती वाटली," तो म्हणाला.

"वाटणारच." ती उठून कोपऱ्यात गेली आणि पिशवीतून बाजारातल्या तुकुपीची बाटली काढली. बाटली तिने आधीच आणली होती, म्हणजे ताईच्या हातचं म्हटलं तरी दाजींच्या पातेल्यावर तिचा विश्वास नव्हताच. हे ओझमारिनोला कळलं, आणि तिलाही कळलं की त्याला कळलं. तिने बाटली पातेल्यात ओतली, ढवळलं, गडद रस उजळला. पातेलं शेगडीवर एकदा तापवून आणलं. मुलांच्या ताटांवरचा केइलाचा हात निघाला. तादेउने डोळे मिटून पहिला घास घेतला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, कोंबड्यांनी उगीच घाई केली.

तेव्हा हसले सगळे. मामाही हसले, कशाला ते न कळता.

जेवण नेहमीसारखं झालं असं म्हणता येणार नाही. तिची खुर्ची रिकामी ठेवली नव्हती, कारण खुर्च्या कमी होत्या, आणि तिच्यावर केइलाचा धाकटा उभा राहून जेवत होता. मरिनाल्वा मधेच उठून अंगणात गेली आणि विटांपाशी थोडी थांबून परत आली. बदक मात्र उरलं नाही.

ऊन कललं तसे निघायची तयारी सुरू झाली. मामांना पुढच्या पायऱ्या नकोत म्हणून मागच्या दाराने नेलं. ओझमारिनो त्यांना गाडीत बसवून परत आला तर स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येत होता. मरिनाल्वा सोललेल्या तळहातांनी मोठं पातेलं घासत होती. राहू दे, मी घासतो, तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. बुडाशी लागलेलं काळं तिने राख लावून काढलं, पालथं करून पाणी निथळलं, फडक्याने आतबाहेर पुसलं.

पातेलं दोन्ही हातांत धरून ती क्षणभर उभी राहिली. दारात तादेउ हाका मारत होता. गाडीच्या मागच्या भागात जागा होती.

मग टाचा उंच करून तिने ते खिळ्याला अडकवलं.

"फेब्रुवारीत कंद पिळाल तेव्हा बोलवा," ती हात पुसत म्हणाली. "उकळायला मी येईन. तुम्ही झोळीत पडा."